पाणी शांत होईपर्यंत

वरचा ट्रे मॅडमनी बाजूला सरकवला, तेव्हा भिंगकाकांनी त्याच्याकडे हात नेलाच होता.

“हा नको, हा घ्या,” असं म्हणून त्यांनी स्वतः आणलेला ट्रे टेबलावर ठेवला. “बाकीचे न तपासता थेट पॅकिंगला जाऊ द्यात. आजची चाचणी अशीच ठरली आहे.”

वरचा ट्रे पॅकिंगवाल्या मावशींनी उचलून नेला. त्यात घरगुती शेगडीचे गॅस रेग्युलेटर ओळीने बसवलेले होते. त्यातल्या एकाची रबरी रिंग भिंगकाकांनी सकाळी, कोणी नसताना, ब्लेडने चिरली होती.

चाचणी वरच्याच ट्रेची होणार, असं ते धरून चालले होते. सगळ्यांसमोर नग हवेच्या नळीला जोडायचा, पाण्यात बुडवायचा, बुडबुडे दाखवायचे आणि म्हणायचं, बघा, हे टेबल नसतं तर हा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात गेला असता. एवढाच बेत होता. आयुष्यात पहिल्यांदा केलेली लबाडी, तीही धड जमली नव्हती.

कामातला वाया जाणारा वेळ आणि नगानगांतला फरक कमी करायला मॅडम आल्या, तेव्हापासून कारखान्यातली दोन टेबलं उठली होती. टेबलांबरोबर त्यांवरची माणसंही. मॅडम वाईट नव्हत्या. जोडणीची मशीनं त्यांनी अशी काही बसवून दिली होती की गळका नग आता औषधालाही सापडत नव्हता. दुखणं तेच होतं. शेवटच्या टेबलावरचे भिंगकाका दिवसभर चांगलेच नग पाण्यात बुडवत आणि चांगलेच बाहेर काढत. मॅडम घड्याळ घेऊन शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना दिसलं, की हा माणूस निम्मा वेळ नुसता थांबतो.

“नग बुडवला की हात काढून घ्यायचा,” भिंगकाकांनी जाड चष्मा सावरत सांगितलं होतं. “पाणी शांत होऊ द्यायचं. मग बघायचं.”

मॅडमनी ऐकून घेतलं होतं. पण तो वेळ त्यांनी वाया जाणाऱ्या वेळातच धरला होता. टेबल ठेवायचं की नाही, हे आजच्या चाचणीवर ठरणार होतं.

घरी ते काही बोलले नव्हते. मुलीचं शिक्षण अजून अर्ध्यावर होतं. ताटातलं अन्न तसंच राहिलं की बायको कारण विचारायची. ते दाढ दुखते म्हणायचे.

“करा ना सुरू, काका.”

त्यांनी पहिला नग बुडवला. समोरच्या उघड्या दारातून मालाची गाडी दिसत होती. मावशी खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या.

“काय हो भिंगकाका, एवढं डोळे फाडून बघताय, टाकीत मासे सोडलेत की काय?” मावशी तिकडूनच ओरडल्या. जोडणीवाले हसले. भिंगकाकांनाही हसायचं होतं. ओठ हलले, हसू आलं नाही.

त्यांनी नग काढला, दुसरा लावला. दारात पहिलं खोकं गाडीत चढलं. उद्या-परवा ते कुठलं तरी दुकान गाठेल. मग कुठलंसं घर. तिथली बाई सकाळी उठेल, चहाचं आधण ठेवेल, काडी ओढेल. भिंगकाकांचा हात भराभर चालू लागला. बुडव, काढ. बुडव, काढ. मध्येच पाण्यात काहीतरी चमकलं. बोटाला चिकटलेली हवा असेल. त्यांची नजर पुन्हा दाराकडे गेली. दुसरं खोकं चढलं. बोलावं, तर टेबल गेलं, नोकरी गेली, वर इतक्या वर्षांची अब्रूही. न बोलावं, तर ती काडी.

“झाले,” ते म्हणाले. “सगळे चांगले.”

“सगळे? नक्की ना?”

“नक्की.”

बाहेर गाडी सुरू झाली.

“थांबवा!” भिंगकाका ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा आहे हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं. ओल्या हातांनीच ते धावत सुटले आणि गाडीपुढे उभे राहिले. “वरच्या ट्रेत एक गळका आहे. मीच केलाय. माझं टेबल जाऊ नये म्हणून.”

“अगं बाई!” मावशींनी तोंडावर हात ठेवला. “काका, हे काय हो करून बसलात!”

मागून आलेल्या मॅडम एवढंच म्हणाल्या, “शोधा.”

खोकी उतरवली. मावशींनी त्या ट्रेची खोकी ओळखून फोडली. भिंगकाका पुन्हा टाकीपाशी उभे राहिले. नग बुडवायचा, हात काढायचा, पाणी शांत होऊ द्यायचं. आता घाई कशाची? जे जायचं ते गेलंच होतं. भोवती सगळे जमले होते. बऱ्याच नगांनंतर एका नगातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

त्यांनी तो पुसला आणि मॅडमच्या हातात दिला.

“हा माझा,” ते म्हणाले. “टेबल उचला. मीही जातो.”

मॅडमनी तो बाजूला ठेवला. मग मघाशी पास झालेल्या ट्रेमधले नग उलटून बघत त्यांनी एक उचलला. त्याच्या तळाशी लाल ठिपका होता. तो त्यांनी स्वतः नळीला जोडला, बुडवला आणि हात काढून घेतला. पाणी हललं, डुचमळलं, हळूहळू शांत झालं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकच बुडबुडा सुटला. थोड्या वेळाने आणखी एक.

“हा माझा,” मॅडम म्हणाल्या. “तुमची नजर बघायला ठेवला होता. मघाशी तुम्ही थांबला नाहीत, काका.”