कपाटातली साखर

"अगं, चमचाभर साखर दे," वामनराव कसेबसे म्हणाले. इन्शुलिन घेतल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला होता, हात लटपटत होते.

"नुसती जीभ चाळवलीय तुमची!" नलिनीबाईंनी साखरेच्या कपाटाची किल्ली कमरेला खोचली आणि साखर मोजायच्या मशीनवरचा आकडा शेजारणीपुढे धरला. "बघा, आणली की नाही साखर खाली!"

महिन्याभरात वामनराव हृदयविकाराच्या झटक्याने गेले. डॉक्टर म्हणाले, "साखर वरचेवर अशी उतरली की रक्तवाहिन्यांनाही मार बसतो. घाम फुटला की लगेच साखर द्यायची असते, बाई."

चौदाव्या दिवशी रीतीप्रमाणे गोडाचं जेवण होतं. "शिऱ्याला साखर काढ," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. नलिनीबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. डबा काठोकाठ भरलेला होता.

पंगतीने शिरा मागून मागून खाल्ला.