हुद्दा विसरलेल्या पेशी

"सरका आता," मुख्याध्यापक म्हणाले. "केव्हाचे तुम्हीच बघताय."

घड्याळजी सूक्ष्मदर्शकापासून तसूभर हलले नाहीत. भिंगाखालच्या चपट्या डबीत, गुलाबी पाण्यात, एक ठिपका धडधडत होता. क्षणभर थांबायचा, पुन्हा धडधडायचा. एका डोळ्याला भिंग लावून घड्याळजींनी जन्मभर बारीक चाकं पाहिली होती. चावी न देता चालणारं हे पहिलंच.

"माझंच आहे," ते म्हणाले. "चाल बघा किती नेमकी."

"चाल नव्हे, शिस्त म्हणतात तिला," मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणजे माझं."

दोघंही निवृत्त आणि एकमेकांचे व्याही. घड्याळजींची मुलगी ही मुख्याध्यापकांची सून, आणि ही प्रयोगशाळा तिची. सोयरीक ठरायच्या वेळी घड्याळजी पहिल्यांदा शाळेत गेले आणि खुर्चीत टेकायच्या आधी म्हणाले, "तुमचं घड्याळ पुढे आहे." बोलले ते खरंच होतं. पण त्याच घड्याळाच्या भरवशावर मुख्याध्यापकांनी दोन पिढ्यांना उशिरा आल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं होतं. इतका जुना निकाल आता फिरवणार कसा? तेव्हापासून दोघांत बोलणं होतं, पण भांडणापुरतं.

यंदा मात्र प्रकरण गळ्याशी आलं. घड्याळजी जिन्यावरून पडले. हात जुळून आला, पण दुकानावरच्या खोलीत एकट्याने राहणं आता खरं नव्हतं. मुलीच्या घरी मागची खोली रिकामी होती, चांगली उन्हाची. "घरच्या मालकांनी बोलावलं तर येईन," घड्याळजी म्हणत. "त्यांनी तोंड उघडून विचारावं, नाही कोण म्हणतंय?" मुख्याध्यापक म्हणत. तोंड दोघांनाही होतं, एरवी ते मिटत नसे. खोली रिकामीच राहिली, आणि घड्याळजींनी गुपचूप वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली. पुढच्या महिन्यात तिथे एक खाट रिकामी होणार होती.

अशात मुलीला प्रयोगासाठी वयस्क माणसांची कातडी हवी होती, तांदळाच्या दाण्याएवढी. दोघांनी एकाच दिवशी दंड पुढे केले. एक मागे राहिला असता तर दुसऱ्याने त्याला ते मरेपर्यंत ऐकवलं असतं.

प्रयोग साधा होता, म्हणजे मुलगी तसं म्हणायची. तिच्या कुपीत एक प्रथिन होतं. ते पेशीच्या गाभ्यात शिरतं आणि कुठल्या जनुकाने जागं व्हायचं, कुठल्याने झोपायचं ते ठरवतं. कुपीवर 'मानवी' असं छापलेलं. बनवलं मात्र जंतूंनी. माणसाचं जनुक त्यांच्या पोटात घातलं, बाकी माणसाशी त्यांची ओळख नाही. हे प्रथिन आणि त्याचे एकदोन जोडीदार वरचेवर पाजत राहिलं, की कातडीची पेशी आपण कातडी आहोत हेच विसरते. पुन्हा कोरी होते. मग तिचं काहीही करता येतं, अगदी हृदयसुद्धा.

"हुद्दा विसरायचं औषध म्हण की," घड्याळजी तेव्हा म्हणाले होते. "आमच्या व्याह्यांना चमचाभर देत जा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून दूधवाल्याची हजेरी घेतात."

विहीणबाई, म्हणजे मुख्याध्यापकांच्या पत्नी, कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. सुनेने बघायला बोलावलं तर म्हणाल्या, "या दोघांचं होऊ दे. मला काय कळतंय त्यातलं."

मुलीने हातमोजे काढले. घसा साफ केला.

"बाबा, अप्पा, भांडू नका. माझ्याकडून चूक झालीय. तुम्हा दोघांच्या पेशी मी एकाच नळीने उचलल्या. मिसळल्या त्या. आता कुठली कुणाची, ते मलाही सांगता येणार नाही."

तिच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही, एवढं दोघांनाही ठाऊक होतं. मुख्याध्यापकांनी घड्याळजींना कोपराने हलकेच बाजूला केलं आणि भिंगावर वाकले.

"मिसळल्यात, तर एका ठेक्यात कशा चालतायत?"

"हृदयाच्या पेशी एकमेकींना चिकटल्या की ठेका जुळवून घेतात, अप्पा. शेजारी राहायचं तर दुसरं करणार काय?"

मुख्याध्यापक बराच वेळ वाकून राहिले. घड्याळजींना त्यांचं टक्कल दिसत होतं आणि हळूहळू लाल होत जाणारा एक कान. मग डोळा भिंगावरून न काढताच, उत्तरपत्रिका तपासत असल्यासारखे ते म्हणाले,

"सामान किती आहे तुमचं?"

घड्याळजींनी बोटांवर मोजलं. "फार नाही. हत्यारांची पेटी, आणि भिंतीवरची दोन घड्याळं."

"एकच आणा. खरी वेळ कुठली, यावरून घरात रोज वाद नको."

"जे बरोबर असेल ते आणतो."

"ते मी बघून ठरवीन," मुख्याध्यापक म्हणाले आणि गाडी काढायला खाली गेले. जाताना चक्क शीळ वाजवत होते. विहीणबाई त्यांच्या मागोमाग निघाल्या.

जिना उतरताना घड्याळजींनी मुलीचा हात धरला. उन्हाची खोली त्यांना आत्ताच दिसायला लागली होती. टेबल खिडकीशी, पेटी टेबलावर.

"तुझी चूक झाली ते एका परीने बरंच झालं बघ."

"कसली चूक, बाबा? तुमच्या दोघांच्या पेशी पहिल्याच आठवड्यात मेल्या. मरेपर्यंत हुद्दा सोडला नाही त्यांनी."

घड्याळजी पायरीवर थांबले. "मग ते धडधडत होतं ते कुणाचं?"

मुलीने खाली पाहिलं. विहीणबाई पर्स सावरत, नवऱ्याला गाडी कशी वळवायची ते सांगत होत्या.

"सासूबाईंचं. तुमच्या पाठोपाठ त्यांनीही दंड पुढे केला होता," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला काय सांगायचं, तेही त्यांनीच पढवलं."