पुतळ्याच्या नळीतली वाफ

मी भूलतज्ज्ञ. मिरजगावच्या आमच्या दवाखान्यात घशात बसवायची नवी श्वासाची नळी आली होती. ती जुनीपेक्षा लवकर बसते का, हे आधी सरावाच्या रबरी पुतळ्यावर बघायचं होतं. मला असले खेळ आवडत नाहीत, पण नियम म्हणजे नियम. सकाळचे अकरा वाजले होते. शरिफा सिस्टर मोबाईलवर सेकंद मोजायला बसल्या.

पुतळ्याचा जबडा इतका घट्ट की दोन्ही हातांनी ताकद लावून उघडावा लागतो. जुनी नळी बसवायला बत्तीस सेकंद लागले. नवी अकरा सेकंदांत बसली. नळीला हवेचा फुगा जोडून दाबला, तशी रबरी छाती वर आली.

"लई सोपी हाय की ही, मॅडम," शरिफा हसल्या. मग त्यांनी नळीकडे बोट दाखवलं.

नळीच्या आतल्या बाजूला वाफ जमली होती.

माणसाच्या नळीत ती वाफ दिसली की आमचा जीव भांड्यात पडतो. श्वास चालू आहे. पण पुतळ्यात ओल असते कुठे?

मी फुगा काढून बाजूला ठेवला. वाफ विरली. पुन्हा आली. पुन्हा विरली.

"काढा ती, मॅडम," शरिफा पुटपुटल्या. "मला भ्या वाटतंय."

मी दोन्ही हातांनी नळी धरली. आणि भूल उतरलेल्या प्रत्येक पेशंटला वीस वर्षं जे म्हणत आले, तेच सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"झालं हं ऑपरेशन. आता तोंड उघडा."

माझे दोन्ही हात नळीवरच होते. जबडा सावकाश उघडला.