तीन वर्षांची वॉरंटी

घानातल्या कुमासीच्या बाजारात उभा जन्म मक्याची चक्की चालवून दुफीआजीचे कान गेले होते. आज मुलगा आणि सून तिला श्रवणयंत्राच्या दुकानात घेऊन आले. दुकानदारानं दोन्ही कानांत यंत्रं बसवली, चालू केली आणि मुलाला, बोआदीला विचारलं, “वॉरंटी एका वर्षाची आहे. थोडे जास्त सेडी भरलेत तर तीन वर्षांची मिळेल. देऊ?”

“महागाची वस्तू आहे, घेऊन टाकू या,” सून म्हणाली.

“अगं, तीन वर्षं ती कुठली काढतेय? डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? वर्षाची पुरे. उरलेले पैसे मर्तिकाला होतील. चार लोकांत नीट दिसायला नको?”

आजीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. ते बघून दुकानदार ओशाळला. खाली वाकून त्यानं विचारलं, “आजी, येतंय का ऐकू?”

आता कुठे बोआदीच्या ध्यानात आलं. त्यानं मान खाली घातली.

आजी त्याच्याकडे बघत राहिली. मग दोन्ही यंत्रं काढून तिनं दुकानदाराच्या हातात ठेवली.

“नाही रे बाबा, काहीच ऐकू येत नाही. चला घरी.”