बक्षीसवालं रडणं

रडक्या आईच्या भूमिकेसाठी पुरस्कार काय मिळाला, तिच्यामागं रडण्याचं शुक्लकाष्ठच लागलं. त्यानंतर प्रत्येक सिनेमात मुलगा तिला घराबाहेर काढायचा, मेकअपदादा डोळ्यांत ग्लिसरीन घालायचा आणि ती ढसाढसा रडायची. आजही तेच. "ताई, तुमचं ते बक्षीसवालं रडणं द्या," दिग्दर्शक म्हणाला, "त्यासाठीच घेतलंय तुम्हाला." तिनं मेकअपदादाच्या हातून ग्लिसरीनची बाटली घेतली आणि तशीच मुठीत धरली. कॅमेरा सुरू झाला. मुलाचं काम करणाऱ्या नटानं तिची बॅग दाराबाहेर भिरकावली. तिनं ती उचलून आत आणली, त्याचं बखोट धरून त्यालाच बाहेर काढलं आणि धाडकन दार लावलं. "कट!" दिग्दर्शक किंचाळला. "अहो, असं कसं चालेल? मग या सीनमध्ये रडणार कोण?" तिनं दार उघडून बाहेरच्या भांबावलेल्या नटाच्या हातावर ती बाटली टेकवली. "हा आहे की."