चाकं आधी, तोंड शेवटी

कुशाबाने बॉनेटवरचा एक काळा गोळा नखाने खरवडला आणि चिमटीत धरून उन्हाकडे केला. शेळीच्या लेंडीएवढा होता. वास घेतला, तर जळक्या रबराचा. तसलेच गोळे दिव्यांवर होते, काचेवर होते, पुढच्या जाळीत तर कुसळं अडकावीत तसे अडकून बसले होते. मागच्या अंगाला मात्र एकही नव्हता. त्याने गाडीभोवती दोनदा चक्कर मारली. पुढून सगळी बरबटलेली, मागून स्वच्छ.

जयसिंगची ही बुटकी विलायती मोटार मुंबईला विमानाच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळायची. ती कासार आंबोलीला परतली की धुवायचं काम कुशाबाचं. मोटारींची शर्यत त्याने जन्मात पाहिली नव्हती. जे काही कळे ते मळावरून. चाकांवर बसणारी काळपट भुकटी ब्रेकची, एवढं त्याला ठाऊक झालं होतं. पळण्याच्या शर्यतीत थांबण्याचा भाग एवढा का झिजावा, हे कोडं त्याला वर्षभर पुरलं. शेवटी गेल्या खेपेला त्याने जयसिंगलाच विचारलं.

"काका, वळण अगदी अंगावर येईपर्यंत जो ब्रेक दाबत नाही आणि मग एकदम दाबतो, तोच पुढे जातो," जयसिंग म्हणाला होता.

"आन् ह्या लेंड्या?"

"त्या पुढच्या गाडीच्या टायरांतून उडतात. मागच्याच्या तोंडावर बसतात."

कुशाबाला हे लगेच पटलं. छकड्याच्या शर्यतीत धुळीचं तसंच असतं. पुढची जोडी धूळ उडवते, मागच्या जोडीची कपाळं पांढरी होतात. तरुणपणी जयसिंगचे वडील हैबतराव छकडा हाकायचे आणि कुशाबा त्यांचे बैल धुवायचा.

आता तो गोळा तळहातावर घेऊन कुशाबा उकिडवा बसला. काल संध्याकाळी ओसरीवर जयसिंगने वडिलांना सांगितलं होतं, पहिला आलो. कप कुठे आहे विचारल्यावर म्हणाला, नाव कोरायला ठेवून घेतलाय. हैबतरावांनी दसऱ्यालाच बजावलं होतं, "तीन शर्यती. एकीत तरी पयला ये आन् मग खुशाल पळव. न्हाई आलास तर गाडी इकायची आन् भातखाचरं बघायची." ही तिसरी होती.

पोरगा जर पहिला आला, तर त्याच्या पुढे पळत होतं कोण?

"कुशाबा," आतून हैबतरावांचा आवाज आला. "गाडीम्होरं नारळ फोडायचाय. आलोच."

नारळ फोडायचा म्हणजे गाडीच्या तोंडाशी उभं राहायचं, कुंकू लावायचं. हैबतरावांना मोटारीतलं काही कळत नव्हतं. पण बैलांच्या कपाळावरची धूळ त्यांनी आयुष्यभर वाचली होती. पुढून काळी आणि मागून स्वच्छ गाडी त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कुशाबाची धुण्याची एक रीत होती. आधी चाकं. काथ्याने घासली की भुकटीचं काळं पाणी चौफेर उडतं, म्हणून बाकीचं अंग नंतर आणि तोंड अगदी शेवटी. ती रीत त्याने आज मोडली. फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि बॉनेटवर ओणवा झाला. दिवे पुसले, काच पुसली, जाळीतले गोळे काडीने एकेक उकरून काढले आणि पायाने गाडीखाली सारले. वरून रिठ्याचं पाणी मारलं. छातीचा भाता व्हायला लागला तेव्हा कुठे तो थांबला.

हैबतराव नारळ आणि कुंकवाची वाटी घेऊन आले. गाडीसमोर उभे राहिले. तोंड आरशासारखं लखलखत होतं, त्यावरून पाणी निथळत होतं. चारी चाकं काळीकुट्ट. त्यांनी एकदा तोंडाकडे पाहिलं, एकदा चाकांकडे, आणि मग कुशाबाच्या हातातल्या फडक्याकडे.

"कुशाबा, बैल धुताना तू आधी काय धुत हुतास?"

"पाय, मालक."

"आन् कपाळ?"

"शेवटाला."

"दरसाल?"

कुशाबा फडकं पिळायला लागला. एक साल तसं नव्हतं. भूगावच्या माळावर त्यांची जोडी मागे पडली होती. हरलास तर बैल बाजारात, असं हैबतरावांच्या वडिलांनी, आबांनी सांगून ठेवलेलं. पंचविशीतल्या हैबतरावांनी घरात येऊन सांगितलं, पहिला आलो. आबा नारळ घेऊन गोठ्यात येईपर्यंत कुशाबाने दोन्ही बैलांची कपाळं धुऊन काढली होती. पायांना हात लावायला वेळ मिळाला नव्हता. आबा बैलांसमोर बराच वेळ नुसते उभे होते. मग त्यांनी नारळ फोडला. पुढच्या साली जोडी खरोखरच पहिली आली.

दारात जयसिंग येऊन उभा राहिला. त्याची नजर ओल्या बॉनेटवर गेली आणि तिथेच खिळली. बापाकडे बघायचा धीर त्याला होईना.

हैबतरावांनी बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं. खाली वाकून दगडावर नारळ आपटला. पाणी चाकाच्या काळ्या भुकटीवरून ओघळून गेलं. एक भकल त्यांनी लेकाच्या हातात दिलं, दुसरं कुशाबापुढे धरलं. जयसिंग आत गेला तरी ते तिथेच उभे होते. मग कुशाबाच्या जवळ सरकून, घरात ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी विचारलं,

"म्हंजी त्या दिशी आबांना समदं कळलं हुतं व्हय रे?"