बाधलेली गोळी

“गोळी बाधली माह्या पोरीले,” पार्बता आशाताईवर कडाडली. हत्तीपायाच्या गोळ्या आशाताईने काल घरोघरी समोर उभं राहून खायला लावल्या होत्या आणि आज धाकटी सगुणा तापाने फणफणली होती.

आशाताईने सगुणाच्या कपाळावर हात ठेवला. “बाधली नाही बाई, लागू पडली. रक्तात जंतांची पिल्लं असतील, ती मरताहेत. मेलेल्या जंतांशी अंग लढतंय, म्हणून तापलंय. दोन दिवसांत उतरेल. पुढच्या वर्षी मात्र गोळी चुकवू नका.”

पार्बताच्या हातातली ओली पट्टी तशीच राहिली. थोरल्या मैनालाही लहानपणी हीच गोळी खाल्ल्यावर असाच ताप आला होता. त्या धसक्याने पार्बताने तिला शिकवून ठेवलं होतं की गोळी जिभेखाली धरायची आणि गोळी देणाऱ्या बाईची पाठ वळली की चुलीत थुंकायची. मैना गुणाची पोर, आईचा शब्द न मोडणारी. पुढे तिने एकदाही गोळी गिळली नाही.

दारात पाण्याची बादली टेकली. सुजून खांबासारखा झालेला डावा पाय ओढत मैना आत आली. तिने सगळं ऐकलं होतं.

मैनाने आईच्या हातातली पट्टी घेतली, पाण्यात बुडवून पिळली आणि बहिणीच्या कपाळावर ठेवली.

“म्हणजे माय,” ती हळूच म्हणाली, “तवा माह्यं अंगही लढतच होतं.”